विषुववृत्तावर कुडकुडलो!

पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवरचा लेख आवडला, पण 'गालापागोस विषुववृत्तावर आहे, तेव्हा सुती कपडे आणि टोपी पुरे' हे वाक्य कृपया बदला. याच समजुतीने आम्ही ऑगस्टमध्ये गेलो आणि फर्नांडिना बेटाजवळ पाण्यात उतरल्यावर दहाव्या मिनिटाला मी दात वाजवत पांगात (तिथल्या छोट्या रबरी बोटीत) परत. मालवणच्या कोमट पाण्यात स्नॉर्कलिंग केलेल्या माणसाची दुसरी काय गत होणार! पश्चिमेकडून खोलातून येणारा क्रॉमवेल प्रवाह इसाबेला आणि फर्नांडिना या बेटांना धडकून वर येतो, त्यामुळे तिथलं पाणी त्या दिवसांत २० अंशांच्याही खाली जाऊ शकतं. वेटसूट (पाण्यात ऊब देणारा अंगाला घट्ट बसणारा पोशाख) भाड्याने मिळतो, तो नक्की घ्या. सकाळी धुकट पाऊस असतो, म्हणून डेकवर जॅकेटही हवंच.

आणि लेखात हेच राहून गेलंय की या गारठ्यामुळेच तिथे इतकं काही दिसतं. थंड पाण्याबरोबर अन्नद्रव्यं वर येतात, मासे येतात, म्हणून विषुववृत्तावर पेंग्विन! न उडणारा पाणकावळा तर जगात फक्त या दोन बेटांवर आहे; आमच्यासमोर काळ्या लाव्हावर आपले तोकडे पंख वाळत घालून बसला होता. शेजारी समुद्री इग्वाना (मोठ्या सरड्यासारखे प्राणी) ऊन खात पडलेले, मधूनच नाकातून खारट फवारा सोडत. पहिल्यांदा वाटलं, यांनाही सर्दी झाली की काय.