क्लिअरन्स विकत मिळतो का? वाळव्याच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

संरक्षण क्षेत्रातल्या इंजिनिअर भरतीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच खडसावलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ (गुप्त कामासाठी माणसाची पार्श्वभूमी तपासून दिलेली मंजुरी) हे वशिल्याची पोरं आत घ्यायचं निमित्त आहे, ऊसदर आंदोलनात नाव आलेल्या पोरांना त्यामुळे दार बंद होतं, आणि पुण्यातली एक एजन्सी 25 हजारांत क्लिअरन्स काढून देते हे मी लपवलं.

आधी एजन्सीचं. तुमच्या भाच्याने तिला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला कुणालाही ऑनलाइन अर्ज करून काढता येतो, पण तो क्लिअरन्स नव्हे. भाच्याने दाखवलेल्या जाहिरातीत ‘अ‍ॅक्टिव्ह सीक्रेट क्लिअरन्स’ मागितलाय म्हणता, म्हणजे ती अमेरिकेतल्या कामाची असणार. तिथे कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट, टॉप सीक्रेट अशा पायऱ्या आहेत. उमेदवाराला स्वतःहून अर्ज करता येत नाही. कंपनीने किंवा सरकारी खात्याने नाव पुढे करायचं, मग स्टँडर्ड फॉर्म 86 हा चौकशीचा फॉर्म भरायचा. मुळात नागरिकत्व अमेरिकेचं हवं. चौकशीत महिने जातात, म्हणून तिथल्या कंपन्या आधीच क्लिअरन्स असलेली माणसं एकमेकांकडून पळवतात. आपल्या पोरांचा त्या जाहिरातींशी काडीचा संबंध नाही.

आपल्याकडे डीआरडीओ (संरक्षण संशोधन संस्था), एचएएल (सरकारी विमान कंपनी) अशा ठिकाणी आधी निवड होते, पडताळणी मागाहून. अटेस्टेशन फॉर्म, म्हणजे स्वतःच्या माहितीचा पडताळणी-फॉर्म, भरून घेतात आणि तो पोलिसांकडे जातो. गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे एका वर्षाहून जास्त राहिलात ते सगळे पत्ते त्यात लिहायचे असतात. आपली पोरं अडकतात ती बहुतेक इथेच. मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं आष्टा, दीड वर्ष भोसरीत, पुढे चाकणला कॉट बेसिसवर. पोरगं फॉर्मवर फक्त आष्टा लिहितं, कारण आधार कार्डावर तेवढंच असतं. मग नोकरीच्या अनुभवात चाकणची कंपनी आणि राहायला आष्टा, हा मेळ कुणाला लागणार?

आता आंदोलनाचं. तुमचा हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. आपल्या भागात ऊसदरासाठी रस्ता अडवला म्हणून गुन्हा नोंद झालेली पोरं गावोगाव आहेत, आणि ‘नाही लिहिलं तर कुणाला कळतंय’ हा सल्ला त्यांना घरातूनच मिळतो. फॉर्म मात्र स्पष्ट विचारतो: कधी अटक झाली होती का, खटला चालला का, आज एखादा प्रलंबित आहे का. खटला पुढे मागे घेतला गेला, तरी अटक झाली असेल तर उत्तर ‘हो’च. माहिती दडवली तर अपात्र ठराल, ही ताकीदही फॉर्मवरच छापलेली असते.

अवतार सिंग खटल्यात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरीबाबत यावरच निकाल दिला. तरुण वयात घोषणा दिल्यासारखं किरकोळ प्रकरण दडवलं गेलं असेल, तर नेमणूक करणाऱ्याला ते सोडून देता येतं. पण खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी, असंही बंधन त्याच्यावर नाही. म्हणजे तुमची भीती अगदीच खोटी नाही. तरीही मी पोरांना लिहायलाच सांगतो. लिहिलेल्या गुन्ह्यावर साहेबाशी वाद घालता येतो; लपवलेला सापडला की बोलायला जागाच उरत नाही.

वशिल्याबद्दल एवढंच म्हणतो: मुलाखतीत तो चालतो, पण पडताळणीला येणारा हवालदार पोलीस पाटलाला आणि शेजाऱ्यांना विचारून जातो. मोठ्या हुद्द्याचंही तसंच. 2023 मध्ये एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने) पुण्यातल्या डीआरडीओच्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्यालाच ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्टखाली अटक केली होती.

‘कुपवाडच्या शॉपमध्ये तर कुणीच विचारत नाही’ असंही तुम्ही लिहिलंय, म्हणजे सांगलीजवळच्या एमआयडीसीतल्या मशीन शॉपबद्दल. बरोबर आहे. 2014 मध्ये केंद्राने संरक्षण उत्पादनांची परवाना-यादी छाटली, तेव्हा कास्टिंग, फोर्जिंग, सुटे भाग बहुतांशी त्यातून बाहेर गेले. त्यामुळे जॉबवर्क करणाऱ्याला परवाना लागत नाही. पण ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं असतं, गुप्ततेचा करार मालकाने केलेला असतो, आणि मशीन लावणारा आमचा सेटर त्या ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून विचारतो, ‘ह्यो टॉलरन्स (मापातली चालणारी चूक) कसा धरायचा?’ अशा पोराला पुढे मोठ्या ठिकाणी पाठवताना माझाच जीव वर-खाली होतो.

याच कारणासाठी इन्स्पेक्शन आणि स्टोअरला मी निवृत्त फौजी सुचवतो. सातारा जिल्ह्यात त्यांना तोटा नाही, अपशिंगे मिलिटरीसारखी अख्खी गावं आहेत. कागद कुठे ठेवायचा आणि कुणासमोर बोलायचं नाही, हे त्यांना शिकवावं लागत नाही. एचआरवाले मात्र ‘डिग्री नाही’ म्हणून त्यांचा बायोडाटा बाजूला टाकतात. राग काढायचाच तर तो तिथे काढा, मी तुमच्याबरोबर आहे.

भाच्याला फोन करायला सांगा. त्याच्यावर गुन्हा नोंद असेल तर येताना एफआयआरची प्रत, कोर्टाचा काही हुकूम झाला असेल तर तो, आणि राहिलेल्या सगळ्या खोल्यांचे पत्ते तारखांसकट आणू दे. फॉर्म भरून द्यायचे मी पैसे घेत नाही.