पुढे स्पेसर, मागे लांब शॅकल: दोन तासांच्या लिफ्टचा हिशेब

टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपच्या मालकांमध्ये लिफ्टबद्दल, म्हणजे गाडीची उंची वाढवण्याबद्दल, एक मजकूर सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय हाच: “लिफ्ट किटवर पैसे घालवू नका. पुढे दोन इंचाचा स्पेसर, मागे लांब शॅकल, बस्स. दोन तासांचं काम. ग्राउंड क्लिअरन्स दोन इंच वाढतो, कंपनीचेच शॉकअप चालतात, अलाइनमेंटला काही होत नाही, मोठे टायर आरामात बसतात. आणि आरटीओ चासी नंबर सोडून काही बघत नाही.”

स्पेसर म्हणजे उंची वाढवायला मध्ये घालायची जाड चकती, शॅकल म्हणजे पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारी पट्टी. या मजकुरातलं बरंचसं चुकीचं आहे, काही अर्धवट आहे आणि एक गोष्ट सरळ धोक्याची आहे. दोन्ही गाड्यांचा सांगाडा सारखाच असल्यामुळे एकत्रच बोलता येतं: पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि स्प्रिंग-शॉकअपचा जोड स्ट्रट, मागे अखंड ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग).

“ग्राउंड क्लिअरन्स दोन इंच वाढतो.”

मागे तो एक मिलिमीटरही वाढत नाही. मागचा सगळ्यात खाली लटकणारा भाग म्हणजे डिफरन्शिअलचा, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा, गोळा. तो ॲक्सलमध्ये आहे, ॲक्सल चाकांवर आहे. तुम्ही पाट्यांवरची चासी कितीही उचला, गोळा जिथे होता तिथेच राहतो. वाटेतला दगड चाकांच्या मधून न्यायची सवय असेल, तर लिफ्टनंतरही तो गोळ्याला तितकाच लागणार. ॲक्सल वर जातो तो फक्त टायरचा व्यास वाढल्यावर, आणि तोही वाढीच्या निम्म्याने. २६५/६५ आर१७ टायरचा व्यास साधारण ७७६ मिमी, २६५/७० आर१७ चा ८०३ मिमी. फरक २७, म्हणजे गोळा वर गेला जेमतेम १३ मिमी.

मग सस्पेन्शन उचलून मिळतं काय? चासीला बांधलेलं सगळं वर जातं: पुढचा क्रॉसमेंबर, इंजिनखालची प्लेट, डिझेलची टाकी, फूटबोर्ड, मागचा बंपर. त्यामुळे चढाला टेकताना, उतरून सपाटीला येताना आणि उंचवटा पोटाखालून नेताना मिळणारे कोन सुधारतात. हायलक्सचा व्हीलबेस ३०८५ मिमी, व्ही-क्रॉसचा जवळपास तेवढाच. इतक्या लांब गाडीचं पोट ५० मिमी वर गेलं तर मधला कोन ढोबळ भूमितीने साडेतीन अंशांनी सुधारतो. लांब पिकअपला याचीच खरी गरज असते, कारण ती बहुतेकदा पोटावर अडकते. लिफ्ट करण्याचं प्रामाणिक कारण हे आहे. गोळा उचलायचा असेल तर टायरचा विचार करा.

“दोन इंचाचा स्पेसर, दोन इंच लिफ्ट.”

हा या मजकुरातला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. स्ट्रटचं खालचं टोक चाकाशी नसतं. ते खालच्या आर्मच्या साधारण मधल्या भागात बसतं. म्हणून स्ट्रटच्या डोक्यावर २५ मिमीचा स्पेसर टाकला की चाकाशी उंची ४५ ते ५० मिमी वाढते. “दोन इंच” म्हणून ५० मिमीची जाड चकती बसवणाऱ्याच्या गाडीचं नाक जवळपास चार इंच वर जातं. चाक लटकलं की वरचा आर्म स्प्रिंगला घासतो, बॉल जॉइंट कोनाच्या टोकाला जातो आणि सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा) रबरी बूट काही महिन्यांत फाटतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर, पाणी-माती आत, आणि वळताना कटकट आवाज सुरू.

स्पेसर दोन प्रकारचे असतात आणि दोन्हींचे तोटे वेगवेगळे. समजा चाकाला एकूण २०० मिमी हालचाल आहे आणि गाडी उभी असताना ११० वर, ९० खाली अशी वाटणी आहे.

स्प्रिंगच्या वर, स्ट्रटच्या आत बसणारा स्पेसर स्प्रिंगला जास्त दाबून बसवतो. गाडी ५० मिमी वर उभी राहते, पण शॉकअपची लांबी तीच. आता वाटणी १६० वर आणि ४० खाली. खड्ड्यात चाक ४० मिमी उतरलं की शॉकअप ताणून संपतो आणि ‘ठक्’ असा आवाज येतो. स्पीडब्रेकर उतरताना दर वेळी हा आवाज ऐकणाऱ्यांना बुश (सांध्यांतली रबरं) गेल्याचं सांगून नवे बुश विकले जातात.

स्ट्रटच्या डोक्यावर बसणारा स्पेसर अख्खा स्ट्रट खाली ढकलतो. खालची ९० मिमी हालचाल शाबूत राहते, म्हणून चालवताना हा बरा वाटतो. पण हिशेब दुसऱ्या टोकाला चुकवावा लागतो. बंप स्टॉप (चाकाची वरची हालचाल थांबवणारं रबर) जुन्याच जागी, तिथवर चाकाला १६० मिमी जाता येतं आणि शॉकअपकडे दाबायला उरले ११०. कंपनीने आत थोडी राखीव जागा ठेवलेली असते. ती पुरली तर ठीक, नाहीतर जोरात आपटल्यावर रबराच्या आधी शॉकअपच तळाला लागतो. मग आतला व्हॉल्व्ह जातो किंवा वरचं माउंट फाटतं.

‘कंपनीचेच शॉकअप चालतात’ या वाक्याचं उत्तरही इथेच आलं. शॉकअपची लांबी न बदलता उंची वाढवली म्हणजे एका टोकाची हालचाल दुसऱ्या टोकाला दिली, नवीन काही कमावलं नाही. चांगल्या किटमध्ये लांब शॉकअप, त्याला जुळणारी स्प्रिंग आणि मागचे पाटे एकत्र ठरवलेले असतात. पैसे त्या जुळणीचे असतात. पुढचं झुकलेलं नाक मागच्याशी थोडं सारखं करायला चाकाशी २०-२५ मिमी देणारा पातळ स्पेसर टाकायला हरकत नाही. त्याहून जास्त हवं असेल तर स्ट्रटच बदला.

स्प्रिंग निवडताना वजन मोजा, दिसण्यावर जाऊ नका. लोखंडी बुलबार ५० ते ८० किलो, विंच आणखी ३०-४० किलो. हे दोन्ही असलेल्या गाडीची स्प्रिंग नुसत्या गाडीला लावली तर पुढचं चाक लहान खड्ड्यांवर उड्या मारतं. पाट्यांचंही तसंच. ‘कायम ३०० किलो’ म्हणून विकले जाणारे पाटे रिकाम्या हौद्याच्या गाडीला लावले की मागे बसणाऱ्यांची कंबर सांगते काय झालं ते.

“मागे लांब शॅकल.”

पुढचं एक वेळ चालवून घेता येईल, हे नको. पाट्याचं पुढचं टोक चासीला पक्कं आणि मागचं शॅकलवर असतं, म्हणून शॅकल जितकी लांब करू त्याच्या निम्मी उंची मिळते. ५० मिमीसाठी शॅकल १०० मिमी लांब लागते. एवढी लांब पट्टी बाजूच्या धक्क्याला वाकते आणि वळणावर मागचा भाग डुलतो. शिवाय पाटा पुढच्या टोकाभोवती फिरल्यामुळे ॲक्सलही फिरतो, पिनियनचं (डिफरन्शिअलला प्रोपेलर शाफ्ट जोडतो त्या टोकाचं) नाक वर होतं आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचे कोन बिघडतात. या गाड्यांचा शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग. पहिल्या गिअरला गाडी हलताना खालून थरथर जाणवली तर गुन्हेगार बहुधा हाच.

ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा टाकणं हा दुसरा स्वस्त मार्ग. एक ठोकळा, तोही ओतीव किंवा भरीव आणि खाली-वर खाच असलेला, इथपर्यंत समजू शकतो. ठोकळ्यावर ठोकळा कधीही नाही. उंची जितकी जास्त, तितकी ॲक्सलला पाटे पिळायला जास्त पकड मिळते. जास्तीचा एक पाटा घालणं यापेक्षा बरं, पण गाडी कडक होते. नवा संच सगळ्यात बरा.

काम कोणतंही निवडा, मागच्या बाजूची ही यादी बदलत नाही:

पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे घ्या. एकदा पूर्ण कसलेला यू-बोल्ट ताणलेला असतो, दुसऱ्यांदा तो तसा धरत नाही. चारही नट आळीपाळीने, तिरक्या क्रमाने कसा.

पाट्यांच्या मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसलंय का, हे यू-बोल्ट कसण्याआधी बोट घालून पाहा. ते कडेवर राहिलं तर ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी चालते.

मागचे शॉकअपही लांब हवेत. नाहीतर लटकताना अख्ख्या ॲक्सलचं वजन शॉकअपच्या डोळ्यावर येतं आणि वेल्डिंग सुटतं.

आणि मजकूर ज्याचं नावही घेत नाही ती गोष्ट: काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला एका दांडीने जोडलेला ब्रेकचा वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. चासी वर गेली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. हौदा भरलेला असताना हे जिवावर बेतू शकतं. दांडीचं ब्रॅकेट लिफ्टच्या मापाने उचलावं लागतं. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ॲक्सल पूर्ण लटकवून तपासा. ताणली जात असतील तर लांब नळी किंवा ब्रॅकेट हवंच.

“अलाइनमेंटला काही होत नाही.”

आर्मचे कोन बदलले की टो (चाकांचा आत-बाहेर रोख), कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे कल) तिन्ही बदलतात. त्यात दुर्लक्ष होतं ते कॅस्टरकडे. लिफ्टने तो कमी होतो. त्यामुळे स्टीअरिंग वळणानंतर आपणहून सरळ होत नाही आणि एक्स्प्रेसवेवर गाडी भटकते. हायलक्सच्या खालच्या आर्मला कॅम बोल्ट (फिरवून आर्मची जागा सरकवणारे) आहेत, ५० मिमीपर्यंत त्यांच्यावर बहुतेक भागतं. त्यापुढे कॅस्टर परत आणायला वरचे आर्म बदलावे लागतात. कोकणात किंवा गोव्यात वापरलेल्या गाडीचे हे कॅम बोल्ट बुशच्या बाहीत गंजून चिकटलेले असतात. कामाच्या दोन दिवस आधीपासून गंजनाशक तेल मारत राहा आणि नवे कॅम बोल्ट आणूनच ठेवा. अलाइनमेंटवाला “ॲडजस्ट होत नाही” म्हणून फक्त टो करून देतो, त्याचं कारण बहुधा हा गंज. अलाइनमेंटनंतर स्टीअरिंग कोनाच्या सेन्सरचा शून्यबिंदू स्कॅनरने पुन्हा नोंदवा, नाहीतर स्टॅबिलिटी कंट्रोल नको तिथे मध्ये पडतं.

हेडलाइटसुद्धा अलाइनमेंटचाच भाग समजा. पुढचा भाग मागच्यापेक्षा ४० मिमी जास्त उचलला तर झोत १.३ टक्के वर होतो. डिपरचा उतारच साधारण एक-सव्वा टक्क्याचा असतो, म्हणजे तो पूर्ण संपला. ५० मीटरवर झोत ६५ सेंमी वर, समोरच्याच्या डोळ्यात.

“मोठे टायर आरामात बसतात.”

२६५/७० आर१७ सहसा बसतो. २८५/७० आर१७ (८३१ मिमी) उभ्या गाडीत बसतो, पण चाक पूर्ण वळवून आणि वर दाबून पाहा. चाकामागच्या लायनरला आणि कधी केबिनच्या पुढच्या कोपऱ्याला लागतो. लिफ्टने बंप स्टॉप हलत नाही, त्यामुळे पूर्ण दाबलेल्या स्थितीत जागा मूळ गाडीएवढीच असते. स्पीडोमीटर ७ टक्के कमी दाखवतो: काटा १०० वर, गाडी १०७ वर. पिकअप जड टायरला लवकर थांबत नाही, हे वेगळं सांगायला नको.

“दोन तासांचं काम.”

नुसत्या स्पेसरलाही दोन सरावलेल्या माणसांची अर्धी दुपार जाते, पूर्ण किटला दिवस. घाईत दोन गोष्टी बिघडतात.

पहिली धोक्याची. स्ट्रट खोलताना स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने दाबलेली असते. कॉम्प्रेसर न लावता वरचा मधला नट इम्पॅक्टने सोडला, तर स्प्रिंग समोर असलेल्याचा जबडा फोडते. स्ट्रट गाडीतून उतरवायचा असेल तर वरचे तीन लहान नट सोडायचे, मधला नाही. तो फक्त स्प्रिंग दोन बाजूंनी कॉम्प्रेसरमध्ये सारखी दाबल्यावर आणि तिची बैठकीवरची पकड सुटल्यावर. चासी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा, जॅकवर नाही.

दुसरी गोष्ट कुणाला दिसत नाही. आर्म आणि पाट्यांच्या रबरी बुशचे बोल्ट चाकं लटकत असताना पूर्ण कसले, तर रबर त्या स्थितीत पक्कं होतं आणि गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहतं. वर्षभरात फाटतं. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, बंपर दोनचारदा दाबा आणि मगच टॉर्क पान्याने वर्कशॉप मॅन्युअलच्या मापाने कसा.

काम सुरू करण्याआधी सपाट फरशीवर चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत माप घ्या. ड्रायव्हरची बाजू अनेकदा आधीपासूनच थोडी खाली असते. किटमधल्या डाव्या-उजव्या स्प्रिंग वेगळ्या असतील, तर त्या अदलाबदल झाल्यावर हा कल दुप्पट होतो. नवीन स्प्रिंग ५०० ते १००० किलोमीटरमध्ये थोडी बसते. तेव्हा यू-बोल्ट पुन्हा कसा, बाकीचे बोल्ट तपासा, अलाइनमेंट आणि हेडलाइट पुन्हा.

“आरटीओ काही बघत नाही.”

बघेल की नाही, हा प्रश्न वेगळा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मूळ तपशिलापासून गाडी बदलायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए (४) नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर कुणी अडवलं नाही तरी अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकतो. लांब शॅकल आणि रंगीत स्पेसर त्याला लगेच दिसतात, आणि विमा कंपनीला दावा अडवायला कारण मिळतं. किट लावणार असाल तर आधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर लेखीच घ्या.