एलएक्यू आलाय गुरुजी, काय लिहू?

सकाळी अकराला भाजी निवडता निवडता मोबाईलवर विधानसभेचं थेट प्रक्षेपण लावून बसले होते. (हो, मी ते बघते. घरचे हसतात. हसोत.) प्रश्नोत्तराचा तास चालू होता. एक आमदार तळमळीनं विचारत होते, की आमच्याकडच्या रस्त्याचं काम निकृष्ट झालंय, मोजमाप न करताच बिल निघालंय, त्या अधिकाऱ्यावर कारवाई काय केली? मंत्रिमहोदयांनी समोरचा कागद उचलला आणि वाचलं, हे खरे नाही. आमदारांनी हातातले फोटो वर धरले. म्हणाले, सभागृहाची दिशाभूल होतेय. मंत्री छान हसले आणि म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी माझ्या दालनात यावं, संबंधित अधिकाऱ्यांना बोलावून बैठक लावतो. अध्यक्ष म्हणाले, पुढचा प्रश्न.

झालं. संपलं. गवार तशीच हातात राहिली माझ्या.

बैठक कुणाबरोबर? ज्या अधिकाऱ्याबद्दल तक्रार आहे, त्याच्याचबरोबर. आणि मंत्र्यांनी जो कागद वाचला तो कुणी लिहिला होता? सांगते. मला माहितेय, कारण असा एक कागद जन्माला येताना माझ्या मामाच्या पडवीत मी हजर होते.

मामा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. प्राथमिक शाळेत मास्तर होता, आता निवृत्त. त्याच्या वाडीतून शाळेकडे जाताना मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा, लागतो. पावसाळ्यात तो असा काही फुगतो, की मोठी माणसंसुद्धा अलीकडेच उभी राहतात. कित्येक वर्षं अर्ज करून तिथं साकव, म्हणजे छोटा पूल, मंजूर झाला, बांधूनही झाला. पहिल्याच पावसाळ्यात एका खांबाच्या पायाखालची माती वाहून गेली आणि साकव एका अंगाला कलला. मामानं फोटो काढले, तक्रार केली. उत्तर नाही. मग तो आमदारांकडे गेला, आणि आमदारांनी (हे त्यांचं उपकारच) तारांकित प्रश्न टाकला, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यानं सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो. आमचा मामा हरखून गेला होता. आमचा साकव विधानसभेत!

मी तेव्हा गौरी-गणपतीला तिकडे गेले होते. संध्याकाळी दिवेलागणीला एक पोरगेलासा माणूस मोटारसायकलवरून आला, रेनकोटमधून पाणी निथळत होतं. खात्याचा ज्युनिअर इंजिनिअर. मामानं त्याला बसायला दिलं, चहा दिला. त्यानं पिशवीतून फाईल काढली आणि म्हणाला, "एलएक्यू आलाय गुरुजी. वरून सारखे फोन येतायत, उद्या सकाळी दहाच्या आत उत्तर पाठवायचंय. काय लिहू?"

काय लिहू! (एलएक्यू म्हणजे आमदारानं विधानसभेत टाकलेला प्रश्न.) म्हणजे काम ज्याच्या देखरेखीखाली झालं, मोजमाप ज्यानं नोंदवलं, त्यालाच शासन विचारत होतं, की तुझं काम वाईट आहे हे खरे आहे काय? आणि तो बिचारा ते तक्रारदाराला विचारत होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमदाराचा प्रश्न विधानभवनातून मंत्रालयात खात्याच्या कार्यासनाकडे, म्हणजे त्या विषयाच्या टेबलाकडे, जातो, तिथून मुख्य अभियंत्याकडे, मग अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता, उपअभियंता आणि सगळ्यात खाली हा मोटारसायकलवाला. तो जे लिहील ते त्याच पायऱ्यांनी परत वर चढतं. प्रत्येक पायरीवर एक सही होते आणि भाषा जरा गुळगुळीत होते. शेवटी मंत्र्याच्या मान्यतेनं ते छापलं जातं, तेव्हा ते शासनाचं उत्तर झालेलं असतं. मध्ये कुणी म्हणजे कुणीही पऱ्यापर्यंत आलेलं नसतं.

मामाला मिळालेलं उत्तर अजून त्याच्या कपाटात आहे. प्रश्न पाच भागांत होता, सगळे असतात तसाच. हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. उत्तर असं, की हे अंशतः खरे आहे, अतिवृष्टीमुळे किरकोळ नुकसान झाले, साकव सुस्थितीत असून वापरात आहे. शेवटच्या भागापुढे, प्रश्न उद्भवत नाही.

वापरात आहे! अहो, असणारच ना वापरात. दुसरी वाटच नाही! पोरं त्या कललेल्या साकवावरून एकमेकांचे हात धरून शाळेत जात होती, म्हणून तो वापरात होता. यात खोटं काय आहे, दाखवा मला. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची. खोटं बोलले असते तर पकडता आलं असतं.

तो प्रश्न सभागृहात पुकारलाच गेला नाही, ते वेगळंच. तासाभरात हातावर मोजण्याइतके प्रश्न होतात, बाकीच्यांची उत्तरं छापील यादीत जातात. मामा चार दिवस टीव्हीसमोर बसून होता.

आता कुणी म्हणेल, एका साकवासाठी किती लिहितेस. मग मोठा पूल घ्या. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवते ना? महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. दोन एसट्या माणसांसकट गेल्या. त्यातली एक गाडी आमच्या गावच्या लोकांची नेहमीची होती, त्या रात्री आम्ही सगळे फोनला चिकटून होतो. तेव्हा मुंबईत पावसाळी अधिवेशन चालूच होतं. सरकारनं काय सांगितलं? पुलाची तपासणी मे महिन्यातच झाली होती, आणि अहवालानुसार पूल वाहतुकीला धोकादायक नव्हता. म्हणजे तेव्हाही खालून एक कागद आला होता, त्यावर सह्या होत्या, आणि तो वर वाचून दाखवला गेला. पुढे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, त्याबद्दल शाबासकी द्यायलाच हवी, दिली. पण १६५ दिवसांत होऊ शकतं हे कळल्यावर उलट जास्तच राग येतो, नाही का? २०११ पासून मुंबई-गोवा महामार्गाचं काम चाललंय. डेडलाईन सभागृहात दिल्या, कोर्टात दिल्या, पत्रकारांना दिल्या, दर गणपतीला नवी. कशेडीचा बोगदा झाला, मान्य. काही पट्टे खरंच चांगले झालेत, मान्य. पुढे बोलू नका.

त्या इंजिनिअरवर मी त्या संध्याकाळी चिडले होते. आज लिहिताना तितका राग येत नाहीये. त्याच्याकडे दुसऱ्या तालुक्याचाही चार्ज होता, पदं रिकामी होती. तो ओल्या पायांनी पडवीच्या कडेला बसला होता, आत यायला लाजत होता. मामानं त्याला म्हटलं, "खरं तेच लिही बाळा." तो म्हणाला, "गुरुजी, खरं लिहिलं तर माझ्यावर येईल, बिल पास करणाऱ्यांवर नाही येणार." तेव्हा मामानं त्याला जेवून जायला सांगितलं. मला ते अजिबात आवडलं नव्हतं. ऋषीपंचमीची भाजी वाढली त्याला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं किरकोळ नुकसान लिहून पाठवलं.

पण त्याचं सोडा. मंत्र्याचं काय? मला कुणी सांगू नका, की मंत्र्याला प्रत्येक साकव कसा माहीत असणार. नसेलच माहीत. २८८ आमदार, हजारो प्रश्न, कबूल. पण मग उत्तराला आपलं नाव कशाला छापून घेता? १९५७ साली लोकसभेत फिरोज गांधींनी, सत्ताधारी पक्षाच्याच खासदारानं, पंतप्रधानांच्या जावयानं, एलआयसीनं उद्योगपती मुंदडाच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर का घेतले म्हणून सरकारला धारेवर धरलं. न्यायमूर्ती छागलांनी चौकशी केली, तीही मुंबईत, उघड, लोकांसमोर. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी म्हणत होते, की हे माझ्या सचिवांनी केलं, मला कल्पना नव्हती. छागलांनी ते चालू दिलं नाही. खात्यातल्या माणसानं केलं तरी जबाबदारी मंत्र्याची. फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा. (काही वर्षांनी ते परत मंत्री झाले, हो, मला माहितेय, कमेंटमध्ये लिहायची गरज नाही.)

आणि आपण? आपण कशावर चिडतो? २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर पत्त्यांचा डाव दिसला म्हणून व्हिडिओ फिरला. ते म्हणाले, खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो. खातं बदललं. माझ्या यादीतल्या किती जणांनी तो व्हिडिओ टाकला होता! मीही टाकला होता, आणि परत असं काही दिसलं तर परत टाकीन. पण त्याच अधिवेशनात छापलेल्या उत्तरांची एक तरी यादी आपल्यापैकी कुणी उघडून पाहिली? ती विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असते, फुकट, मराठीत. मोबाईलवर खेळणारा मंत्री आपल्याला दिसतो. न वाचता वाचून दाखवणारा दिसत नाही.

मामानं पुढे माहितीचा अधिकार वापरला. मास्तर माणूस, सोडतोय थोडाच. मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली, पाहणी अहवाल मागितला. बऱ्याच महिन्यांनी अपिलात अहवाल मिळाला. त्याला साकव सुस्थितीत असल्याचा पुरावा म्हणून एक फोटो जोडला होता. फोटो मामानंच काढलेला होता! आमदारांना दिलेल्या गठ्ठ्यातला. फक्त खालचा भाग, जिथं तो उघडा पडलेला पाया दिसत होता, तो कापलेला होता. मामानं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो इतका हसत होता, की मला वाटलं रडतोय की काय.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात एक फार सुंदर तरतूद होती. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. म्हणजे आमचा मामा आणि आमदार एका पायरीवर. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं ते कलम बदललं आणि ही तरतूद गेली. त्यावर किती पोस्ट पडल्या? मला तरी आठवत नाहीत.

आमदार-खासदारांचीही मी आरती ओवाळत नाहीये. २००५ साली पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांना घरी पाठवावं लागलं होतं. प्रश्न टाकायचा, कंत्राटदाराला कळवायचं आणि पुकारा झाला की जागेवर नसायचं, असलीही मंडळी असतात म्हणे. आजचे विरोधक काल सत्तेत होते तेव्हा त्यांचंही उद्भवत नव्हतं. आणि कधी कधी याच तासात मंत्री उभ्या उभ्या निलंबनाची घोषणा करतात, अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात, धावाधाव होते, हेही बघितलंय. होतं असं. क्वचित.

सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. चौकशी करू, अहवाल मागवू, बैठक लावू, एवढं म्हटलं की आज सुटका होते आणि पुढचं त्या समितीच्या गळ्यात पडतं. सकाळच्या त्या बैठकीचं काय झालं हे मी बघणार आहे. तो मतदारसंघ माझा नाही, पण बघणार आहे.

मला फार काही नकोय. उत्तराखाली एवढंच छापा, की जागेवर कोण गेलं होतं, कोणत्या तारखेला गेलं होतं, आणि तो माणूस ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या कार्यालयातला आहे की बाहेरचा. तीन ओळी. शासनाच्या कागदाला महाग नाहीत. आमच्या इथल्या आमदारांना मी हे पत्रानं कळवणार आहे. हे वाचणाऱ्या वडाळ्याच्या ताईंनी आणि डोंबिवलीच्या ग्रुपनंही आपापल्या आमदारांना कळवावं. मजकूर हवा असेल तर इनबॉक्समध्ये देते, मराठी मामाकडून तपासून घेतलेलं असेल.

आणि "मग तेव्हा कुठे होतात" लिहायला जे आत्ता बोटं सरसावून बसलेत त्यांच्यासाठी: साकव झाला तेव्हाचं सरकार तुमच्या विरोधकांचं होतं, उत्तर छापलं तेव्हाचं तुमचं होतं. दोघांचा इंजिनिअर एकच होता.