जितका ताण जास्त तितकं मन कणखर? थोडं थांबा

तो 'मन पोलादी करा, सायन्स सांगतं' वाला मेसेज परत आला, या आठवड्यात तिसऱ्यांदा. त्यात चार दावे आहेत: ताण म्हणजे जिम, जितका जास्त तितकं मन घट्ट. कणखरपणा रक्तातच असावा लागतो. धक्का बसला की लगेच सगळं बोलून टाका. आणि माइंडफुलनेस (म्हणजे श्वासाकडे, चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव) केलं की काम तमाम, सोबत पाच मिनिटांचा व्हिडिओ. म्हटलं एकदाच लिहून ठेवू.

जिमवालं अर्धं खरंय, म्हणून जास्त पसरतं. मार्क सीरी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात अमेरिकेतले २,३९८ लोक होते, त्यात आयुष्यात काहीच न सोसलेल्यांपेक्षा आणि खूप सोसलेल्यांपेक्षा थोडंफार सोसलेले जास्त बरे निघाले. थोडंफार! मेसेजवाल्याने नेमका तोच शब्द गिळलाय. उलट १९९८ च्या फेलिट्टींच्या अभ्यासात लहानपणी मारहाण, घरात दारू असे चार किंवा जास्त प्रकार भोगलेल्यांमध्ये डिप्रेशन, व्यसनं, आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट होता. आणि जिमचंच बोलायचं तर रोज झेपत नाही तेवढं वजन उचलून झोप न घेणाऱ्याचा खांदाच जातो की.

रक्ताबिक्ताचं म्हणाल तर एमी वर्नर यांनी हवाईच्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेली ६९८ मुलं कित्येक वर्षं पाहिली. गरिबी, घरात भांडणं, आजारी पालक अशा धोक्यात वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश चांगली उभी राहिली. स्वभावाचा वाटा होता, नाकारत नाही, पण या मुलांना घट्ट धरून ठेवणारं निदान एक मोठं माणूस होतं, कधी आजी, कधी शिक्षक. ते काही रक्तातून येत नाही.

तिसरा दावा मला सगळ्यात खटकतो कारण तो प्रेमाने केला जातो. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये भाजलेल्या पेशंटवर ट्रायल झाली. काही दिवसांतच बेडशेजारी बसून एकदाच सविस्तर विचारायचं, काय झालं, काय दिसलं, तेव्हा मनात काय आलं. तेरा महिन्यांनी बघितलं तर बोलतं केलेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी (धक्क्याचा प्रसंग पुढे कित्येक महिने छळत राहण्याचा आजार), ज्यांना विचारलंच नाही त्यांच्यात ९ टक्के. आता बोलतं केलेल्यांचं भाजणं मुळात थोडं जास्त गंभीर होतं, त्यामुळे बोलल्यानेच वाईट झालं असं मी ठामपणे नाही म्हणणार, पण फायदा कुठेच दिसला नाही, आणि २००२ च्या कोक्रेन आढाव्याने (अशा सगळ्या ट्रायल एकत्र तपासणाऱ्या अहवालाने) तर अशी सक्तीची सेशन्स बंद करा असंच सांगितलं. ज्याला बोलायचंय त्याचं जरूर ऐका हो, खोदून काढू नका एवढंच.

माइंडफुलनेस फालतू नाही. २०२२ मध्ये एन्झायटीच्या २७६ पेशंटवर आठ आठवड्यांचा कोर्स एस्सिटॅलोप्राम या एन्झायटीवरच्या गोळीच्या तोडीस तोड ठरला. पण त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ८,००० हून जास्त शाळकरी मुलांवरच्या ट्रायलमध्ये नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काहीच जास्त मिळालं नाही, बहुतेकांनी घरी सरावच केला नव्हता. आणि त्या एन्झायटीवाल्या पेशंटना घरी रोज किती सराव दिला होता? ४५ मिनिटं. मेसेजमधला व्हिडिओ पाच मिनिटांचा, त्यातलं एक मिनिट तर नुसतं सबस्क्राइब करा म्हणण्यात जातं.