पाटी दिसली की अण्णा थांबतात

ऑस्ट्रेलियातलं एखादं छोटं गाव बघायला वेळ तो किती लागणार? एक मोठा रस्ता, त्याला आडवा एक, दोनचार पब, चर्च, बेकरी, की झालं. पण हा हिशोब सासरे बरोबर नसतील तेव्हाचा. आमचे अण्णा साताऱ्याचे, पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, आणि दगडी बांधकाम नि माहितीची पाटी या दोन गोष्टी दिसल्या की ते जागचे हलत नाहीत. आणि त्यांच्या लेकीने कॅम्पिंगला निवडलं कुठलं गाव तर बीचवर्थ! मेलबर्नपासून साधारण 280 किलोमीटर, 1852 साली सोनं सापडलं म्हणून वसलेलं, निम्म्या जुन्या इमारती ग्रॅनाइटच्या, आणि प्रत्येकीसमोर पाटी.

तंबू होता लेक सॅम्बेलच्या काठावर. एप्रिलातली थंडी, मला रात्रभर झोप नाही, अण्णा मात्र कानटोपी घालून घोरत होते. सकाळी चहा होईस्तोवर त्यांनी पहिली बातमी आणली. इथे तळं नव्हतंच हो, सोन्याच्या खाणीने उकरून ठेवलेली जमीन होती, तिचं तळं केलं आणि नाव दिलं सॅम्बेलचं. सॅम्बेल कोण, तर इथला सरकारी इंजिनिअर! "छत्तीस वर्षं नोकरी केली जावईबापू, आमच्या नावाची साधी मोरी नाही कुठे." यावर जावयाने काय बोलायचं असतं मला माहीत नाही, मी बिस्किट पुढे केलं.

मग फोर्ड स्ट्रीट. कोर्टाच्या इमारतीत अण्णा असे रमले की तारीख त्यांचीच लागलीये असं वाटावं. नेड केली हा तिकडचा फेमस दरोडेखोर, नांगराचे लोखंडी पत्रे ठोकून चिलखत करून पोलिसांशी लढला होता तो, त्याला ऑगस्ट 1880 मध्ये याच कोर्टात उभं केलं होतं आणि नोव्हेंबरात मेलबर्नला फाशी दिली. त्याच्या आईलाही 1878 मध्ये इथेच तीन वर्षांची शिक्षा झालेली. अण्णांनी भिंतीची जाडी वितीने मोजली, चुन्याबद्दल मत दिलं, आणि मी घड्याळ बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही किंवा आलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही.

पुढे बर्क म्युझियम. हा बर्क आधी इथे पोलीस अधिकारी होता, मग 1860 मध्ये अख्खा खंड दक्षिणोत्तर पार करायला निघाला आणि परत येताना वाटेत अन्नावाचून मेला. हे वाचलं तेव्हा दोन वाजून गेले होते आणि मला त्या माणसाबद्दल फार म्हणजे फारच आपुलकी वाटली.

बाहेर येऊन कॅफे गाठला. आत लोक बसलेले, कॉफीचा वास, काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, किचन इज क्लोज्ड. दुसरीकडेही तेच. हसतात सगळे, जेवायला कोणी देत नाही. शेवटी बीचवर्थ बेकरीने वाचवलं. मी नेड केली पाय (म्हणजे pie, सारण भरून भाजलेली पेस्ट्री) घेतला, वर अंडं, बेकन आणि चीज, असा ऐवज. अण्णांचा शनिवार, म्हणजे मांसमच्छी अंडं सगळं बंद, म्हणून त्यांना बी स्टिंग दिला, मध-बदामाचा थर आणि मध्ये क्रीम भरलेला बन. आवडला, दुसरा मागवला. त्यात अंडं असतं का हे कोणी विचारलं नाही, मारुतीनेही नाही.

आता परत जाऊ म्हणेपर्यंत बायकोने स्मशानाचं नाव काढलं. (बाप तशी लेक!) तिथे चिनी खाणकामगारांनी 1857 मध्ये बांधलेले दोन बुटके मनोरे आहेत, त्यात मृतांसाठी प्रार्थनेचे कागद जाळायचे. घरदार सोडून इतक्या लांब येऊन मेलेल्या पोरांसाठी दुसऱ्या पोरांनी केलेली सोय ती. तिथे मात्र मीही पाटी पूर्ण वाचली, आणि अण्णा पहिल्यांदाच बांधकामावर काही बोलले नाहीत.

संध्याकाळी मी पोहे टाकले तर शेजारच्या कॅरॅव्हॅनमधला म्हातारा खुर्ची घेऊन आला. आयुष्यभर काउन्सिलच्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवलेला माणूस! झालं. अण्णांचं इंग्रजी सरकारी, त्याचं ऑस्ट्रेलियन, पण खडी, डांबर, उतार नि कॉन्ट्रॅक्टर यावर दोघांचं एकमत व्हायला पाच मिनिटं पण लागली नाहीत. पोहे दोघांनी संपवले, मला कढई खरवडायला मिळाली.

झोपायच्या आधी अण्णांनी तंबूत डोकं घातलं. शेजारी यॅकनडँडा म्हणून गाव आहे (हे नाव त्यांनी एका दमात बरोबर घेतलं, माझ्या मॅनेजरचं साधं नाव त्यांना अजून जमत नाही), तिथे सोन्याची खाण आहे, दगडी पूलही आहे, आणि तो कॅरॅव्हॅनवाला म्हातारा स्वतः दाखवायला येतोय. सकाळी सातला निघायचंय, वाटेत खायला काहीतरी बांधून घ्या म्हणाले.