बाबांच्या कमरेवरची खपली

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर बाबा काटोलजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत चार दिवस राहून नागपूरला परतले आणि पुढच्या आठवड्यात त्यांना ताप भरला. पहिले तीन दिवस पॅरासिटामॉलवर निघाले. चौथ्या रात्री ताप १०३ वर गेला, तेव्हा मी एका एआय सहायकाला मराठीतच सगळे लिहून विचारले: वय ७१, मधुमेह, असह्य डोकेदुखी, डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह, प्लेटलेट ९२ हजार.

उत्तर चांगले होते. मलेरिया, टायफॉइड, लेप्टोस्पायरोसिस यांच्यासोबत स्क्रब टायफसचेही नाव त्यात होते आणि या वयात, त्यात मधुमेह असताना, डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका, असे स्पष्ट बजावलेले होते. त्या रात्री घरात जागे असलेल्या मला त्या उत्तराने धीर दिला, हे मी मान्य करतो.

सकाळी मानेवाड्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी विचारले, "काकाजी, एवढ्यात बागेत गेले होते का?" मग शर्ट काढायला लावून काखा पाहिल्या, मानेमागे पाहिले, पायजम्याचा नाडा सैल करायला सांगून टॉर्च धरला. नाड्याच्या जरा वर, डाव्या अंगाला, तुरीच्या दाण्याएवढी काळी खपली होती, भोवती लालसर कडा, जणू विडीचा चटका बसला आहे. ती दुखत नव्हती, खाजतही नव्हती, त्यामुळे बाबांना तिचा पत्ताच नव्हता.

स्क्रब टायफसची ओळख पटवणारी खूण हीच. पावसाळ्यात वाढलेल्या गवता-झुडपांत माइट नावाच्या अतिसूक्ष्म किड्याच्या अळ्या असतात आणि त्या चावल्या की रोगाचे जिवाणू अंगात शिरतात. २०१८ साली नागपूर जिल्ह्यात याच तापाने माणसे दगावली होती. डॉक्टरांनी रक्त तपासणीला पाठवले, पण रिपोर्टची वाट न पाहता त्याच दुपारी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केले. दोन दिवसांत ताप उतरला. चाचणीही पुढे पॉझिटिव्ह आली.

हे सगळे सांगतो आहे ते एवढ्याचसाठी. एआयला मी जे सांगितले, त्यावर त्याने विचार केला, आणि नीट केला. पण आजाराचे उत्तर मी न सांगितलेल्या गोष्टीत होते, आणि ती मला ठाऊकच नसल्यामुळे मी ती सांगू शकत नव्हतो. कुठे हात लावायचा, कुठले कापड बाजूला करायचे, हे ठरवायला रुग्ण समोर असावा लागतो. केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-इंटरनेटवरून दुरून उपचार) मार्गदर्शक तत्त्वांमध्येही एआयने रुग्णाला सल्ला देऊ नये किंवा औषध लिहून देऊ नये, ते फक्त नोंदणीकृत डॉक्टरने करावे, असे म्हटले आहे. डॉक्टरच्या कामात मदत करायची मुभा मात्र त्यात आहे, आणि ही विभागणी मला रास्त वाटते.

म्हणून काही मी एआय वापरणे सोडलेले नाही. संध्याकाळच्या ओपीडीत पन्नास माणसे बाहेर बसलेली असताना डॉक्टरांकडून प्रत्येक शब्दाचा अर्थ समजून घेण्याची अपेक्षा धरणे त्यांच्यावरही अन्याय आहे. आईचे तीन महिन्यांच्या साखरेचे आकडे, क्रिएटिनिन या मूत्रपिंडाच्या तपासणीचा अर्थ, दोन गोळ्या एकत्र चालतात का, ही शंका मी आधी एआयकडून समजून घेतो आणि विचारायचे प्रश्न कागदावर उतरवतो. गोळीचा डोस मात्र त्यावरून कधीही बदलत नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तो कागद वाचला, पाचपैकी दोन प्रश्नांवर काट मारली आणि तिसऱ्यावर आईच्या पावलांना टाचणी टोचून संवेदना तपासली. तो प्रश्न पायाला येणाऱ्या मुंग्यांचा होता, आणि आईने हा त्रास तो कागद लिहीपर्यंत कुणालाच सांगितला नव्हता.