पानगळीचा मुहूर्त

अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्या मराठी माणसाला ऑक्टोबर महिन्यात घरी निवांत बसता येत नाही. एकीकडे महाराष्ट्र मंडळाची कोजागिरी, दुसरीकडे दिवाळीच्या फराळाची तयारी, आणि या दोहोंच्या बेचक्यात जो एखादा रविवार मोकळा सापडतो त्या रविवारी फॉल कलर्स, म्हणजे गळण्याआधी लाल-पिवळी झालेली पाने, पाहायला जावेच लागते. न गेल्यास कोणी शिक्षा करीत नाही. फक्त मंडळात ‘यंदा कुठे गेला होतात?’ असे विचारले जाते आणि ‘कुठेच नाही’ असे सांगणाऱ्याच्या प्रकृतीची काळजीने चौकशी होते.

हे जाणेही साधे नसते. न्यूयॉर्क राज्याचा पर्यटन विभाग हंगामात दर आठवड्याला रंगांचा अहवाल प्रसिद्ध करतो. कोणत्या भागात किती टक्के पाने रंगली, लाल अधिक की पिवळा, रंग ऐन भरात आहे की उतरणीला लागला, हे सारे ठिकठिकाणचे स्वयंसेवक पाहून कळवतात आणि आमच्या न्यू जर्सीतल्या घरात तो अहवाल पंचांगासारखा वाचला जातो. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरमाथ्यावरून खाली उतरत येतो. त्यामुळे अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरांत सप्टेंबरअखेरीसच मुहूर्त लागतो, तर हडसन नदीच्या खालच्या खोऱ्यात तो ऑक्टोबर संपेपर्यंत रेंगाळतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री दव गोठणार नाही इतपत गारठा लाभला तर मेपल लालभडक होतो. ढगाळ आठवडा आला की आमच्या यजमानांचा चेहरा उतरतो. घरातल्या कुंड्यांना पाणी घालण्याची ज्यांना एरवी आठवण करून द्यावी लागते, ते हे गृहस्थ या महिन्यात हरितद्रव्यावर व्याख्यान देतात: दिवस लहान होऊ लागले की पानातले हरितद्रव्य ओसरते, आधीपासून दडून असलेला पिवळा रंग उघडा पडतो, लाल रंग मात्र पानात अडकलेल्या साखरेच्या जोरावर नव्याने तयार होतो. माहिती खरी आहे. ती दर वर्षी ऐकावी लागते, एवढीच माझी तक्रार आहे.

यंदा सासूबाई वाईहून आलेल्या असल्यामुळे लांबचे बेत बारगळले आणि बेअर माउंटन स्टेट पार्क ठरले. सकाळी सातला निघायचे, असेही ठरले. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दहीभात आणि थर्मासमधला चहा गाडीत चढेपर्यंत साडेनऊ वाजले. पॅलिसेड्स पार्कवे हा मुळात देखणा रस्ता आहे. त्या दिवशी तो सावकाश पाहण्याची सोय उर्वरित न्यू जर्सीने करून ठेवली होती. दुतर्फा हिकरीची झाडे पिवळीधमक झालेली होती, परंतु यजमानांची नजर पुढच्या गाडीच्या ब्रेकच्या दिव्यांवर आणि माझी फोनमधल्या नकाशावर खिळली होती. आम्ही जो लाल रंग पाहायला निघालो होतो, तो सर्वांत आधी मला त्या नकाशावरच दिसला, आणि तो भराभर वाढत होता.

मागच्या सीटवरून सासूबाईंनी विचारले, “अरे, ही झाडं वाळायलाच लागलीत ना? मग त्यात बघायचं काय?”

यजमानांनी साखरेपासून सुरुवात केली. सासूबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “आपल्याकडे डोंगरात कुसुंब चैत्रात असाच लालेलाल होतो. पण ती नवी पालवी असते. आणि ती बघायला कुणी डबा बांधून जात नाही.”

हा मुद्दा बिनतोड होता. दुर्दैवाने कुसुंबाच्या कोवळ्या पालवीतला आणि मेपलच्या पिकल्या पानातला लाल रंग एकाच प्रकारच्या द्रव्याचा, अँथोसायनिनचा असतो, हे यजमानांना ठाऊक होते. व्याख्यानाला पुरवणी जोडली गेली.

पार्किंगमध्ये आम्ही किती फेऱ्या मारल्या ते मी मोजले नाही. हातात किल्ली खुळखुळवत एक गृहस्थ चालत येताना दिसले, तेव्हा आम्ही गाडी त्यांच्या मागोमाग अदबीने, पावलापावलाने चालवली. त्यांनी आपल्या गाडीची डिकी उघडली, जाकीट काढले, डिकी बंद केली, आमच्याकडे पाहून प्रसन्न हसले आणि आल्या वाटेने परत गेले. इतक्या सभ्यपणे झालेला अपेक्षाभंग मी दुसरा पाहिलेला नाही.

तळ्याकाठच्या एका मेपलखाली फोटोसाठी रांग होती. आसपास रंगलेली झाडे पुष्कळ होती, परंतु रांग त्याच झाडाला होती, म्हणून आम्हीही तिथेच उभे राहिलो. पुढचे एक जोडपे मुलाच्या डोक्यावर ओंजळीने पाने उधळत होते. मूल डोळे मिटून घेत असल्यामुळे तीच पाने पुन्हा गोळा करून पुन्हा उधळली जात होती. साडीवर स्वेटर आणि पायांत नातवाचे स्पोर्ट्स शूज अशा वेषात सासूबाई कंटाळून उभ्या होत्या, इतक्यात रांगेतल्या एका बाईंनी त्यांच्या शेंदरी साडीचा रंग हुबेहूब झाडासारखा आहे, असे सांगून त्यांच्यासोबत फोटोची परवानगी मागितली. तेव्हापासून सासूबाईंचा पानगळीवरचा आक्षेप संपला. पुढचा अर्धा तास यजमान फोटो काढत होते आणि मी पर्स सांभाळत होते.

डोंगरमाथ्यावर 1934 साली बांधलेला पर्किन्स मनोरा आहे. तिथून हडसनचे वळण आणि दोन्ही काठांवर पसरलेले रंगीत रान असे काही दिसते की आमचे यजमानही घटकाभर गप्प झाले. हवा स्वच्छ असेल तर तिथून दूरवर मॅनहॅटनच्या इमारती दिसतात. परिणामी शहराच्या गजबजाटातून सुटून पाने पाहायला आलेली सर्व मंडळी पानांकडे पाठ फिरवून आपले ऑफिस शोधीत होती.

रात्री मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकले. लेचवर्थ स्टेट पार्कला जाऊन आलेल्या एका कुटुंबाने लगेच कळवले की त्यांना ऐंशी टक्के रंग मिळाला, तुमचा साधारण पन्नास दिसतो. त्यावर आमच्याकडचे फोटो पुन्हा मोठे करून पाहण्यात आले, बुधवारचा अहवाल काढण्यात आला, आणि सासूबाईंनी आपली साडी धरून साठ टक्के तरी भरतात असे मत दिले. खिचडीचा कुकर उतरला तरी हा वाद मिटलेला नव्हता.